आत्म्याचं माप

गार्दोने, १२ सप्टेंबर १९९६

प्रिय लिबेरो,

माझं पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. तुझी आई, आमची काकू, ठणठणीत आहे. इतकी, की काल बसने एकटी माझ्या वर्कशॉपमध्ये आली, पिठाची पिशवी बाकावर आपटली आणि म्हणाली, "बोर्तोलो, हे बघ आणि कधी देतोस ते सांग. उद्या म्हणू नकोस, तुझा उद्या सगळ्या खोऱ्याला माहीत आहे." मला वाटलं मक्याचं पीठ असेल, मी एल्दाला पोलेंटा टाकायला हाक मारणार होतो. आत पिस्तूल. तिस्ताकाकाचं.

तू ते शेवटचं कधी पाहिलंस? लढाईनंतर बंदुकांच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर काकाने घरी बसून बनवलेलं, जुन्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांच्या पिस्तुलाच्या घाटाचं. मुठीवर अक्रोडाचं लाकूड, बगलेवर कोरलेली चेस्टनटची पानं. ज्याला ठाऊक नाही त्याला शंभर वर्षांचं वाटावं. माझ्याकडे जर्मनीहून संग्राहक येतात, त्यांतला एकजण हे पाहून माझ्या बाकासमोर टोपी काढून उभा राहिला असता.

पण एक अडचण आहे. काकूला ते तुझ्या नावावर करायचंय, हिवाळ्याआधी. ती पोलीस चौकीवरच्या मारेशाल्लोकडे गेली. त्याने आधी तिची कॉफी प्यायली आणि मग कायदा सांगितला: जुन्या नोंदीत या पिस्तुलाचं माप नऊ मिलिमीटर आहे, नऊ म्हणजे लष्कराची गोळी, आणि लष्कराची गोळी ज्यात बसते ते पिस्तूल साध्या माणसाच्या नावावर होत नाही. एकतर ते सरकारजमा करून वितळवायचं, नाहीतर माप बदलायचं. बाकी सगळं तसंच, फक्त नळीच्या पोटातला आत्मा नऊचा आहे तो सात पासष्टचा करायचा, प्रूफ-कचेरीतून तपासून शिक्का मारून आणायचा. मग ते तुझं.

सोबतच्या कागदावर सही करून पाठव. आणि कधीतरी ये. पक्ष्यांचा हंगाम सुरू होतोय, एल्दा पक्षी सळीवर ओवून स्पिएदो करेल म्हणते. तुरीनला तुम्ही उभ्या सळीवर काय भाजता, देव जाणे.

तुझा,
बोर्तोलो


तुरीन, १९ सप्टेंबर १९९६

प्रिय बंधो,

तुझं अक्षर पाहून आनंद झाला. मजकूर लागला तसतसा तो ओसरला. मला पिस्तूल नको आहे. मी संस्कृत शिकवतो. वर्गात चार विद्यार्थी आहेत, त्यांतले तीन योगासनांच्या वाटेने चुकून आत आलेले. त्यांना पळवून लावायला शस्त्र लागत नाही, व्याकरण पुरतं.

तुझं एक वाक्य मात्र मी आल्यागेल्याला वाचून दाखवतो आहे. आत्मा नऊचा आहे तो सात पासष्टचा करायचा! मी ज्या ग्रंथांवर पोट भरतो त्यांत आत्म्याच्या आकारावरून हजार-दोन हजार वर्षं वाद चालला आहे. कुणी म्हणतं अणूएवढा, कुणी म्हणतं अंगठ्याएवढा, कुणी म्हणतं विश्व भरून उरणारा. मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजून, वर सरकारी शिक्का मारून देणारं दर्शन फक्त आपल्याच खोऱ्यात निपजलं. नळीच्या पोकळीला आत्मा म्हणणारे आपले पूर्वज एकतर मोठे योगी असले पाहिजेत, नाहीतर त्यांनी दुपारी फार प्यायली असली पाहिजे.

पण थट्टा पुरे. मला ते नको आहे याचं कारण तुला माहीत आहे आणि तू ते माहीत नसल्यासारखं लिहिलं आहेस, हे तुझ्या सज्जनपणाला शोभतं. माझ्या बापाने माझं नाव लिबेरो ठेवलं, मुक्त, कुणापुढे गुडघे टेकायचे नाहीत म्हणून. (आईने आठवड्याच्या आत मला चर्चच्या मागच्या दाराने नेऊन, बाप्तिस्मा देऊन ज्युसेप्पे करून आणलं, आणि आजतागायत ती मला त्याचं लाडाचं बेप्पेच म्हणते, पण ते तिचं आणि देवाचं.) त्याने मला शिकवलं, की पाद्री समोरून आला तर पदपथ बदलावा. मी आयुष्यभर पदपथ बदलत राहिलो. आणि तो? अंथरुणावर पडल्या पडल्या आईला म्हणाला, आत्मा बदलला मी. तिने धावत जाऊन पाद्री चेलेस्तिनोंना आणलं, पवित्र तेल लागलं, आणि तिस्ताची अंत्ययात्रा चर्चमध्ये गेली. युनियनची माणसं लाल निशाण गुंडाळून बाहेर उभी राहिली. मी त्यांच्यात उभा होतो. एकजण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "होतं रे शेवटी असं, घाबरतो माणूस." ते सांत्वन मला मरणापेक्षा जड गेलं.

आता त्याच्या पिस्तुलाचाही आत्मा बदलतो आहे म्हणतोस. बदल. परंपरा आहे. आईची इच्छा आहे म्हणून सही करून पाठवली आहे. ते तुझ्याच कपाटात राहू दे.

तुझा,
लिबेरो


गार्दोने, २७ सप्टेंबर १९९६

प्रिय लिबेरो,

कागद मिळाला. पिस्तुलाचं काम झालं. शिक्काही होऊन येईल.

एक विचारायचं होतं. काका ते वाक्य बोलला तेव्हा तू खोलीत होतास का? नक्की काय शब्द होते? आपल्या बोलीत बोलला की शुद्ध इटालियनमध्ये? आणखी काही बोलला का? सहज विचारतोय. कळव.

एल्दाचा नमस्कार. पाऊस आहे.

बोर्तोलो


तुरीन, ३ ऑक्टोबर १९९६

प्रिय बोर्तोलो,

तू पाच ओळींचं पत्र लिहितोस आणि त्यांतली एक पावसाला देतोस, म्हणजे तू काहीतरी लपवतो आहेस. माझ्या बहिणीच्या कपाटाची बिजागरी तू लग्नात घेऊन गेलास ती पहिल्या मुलाच्या बारशाला परत आणलीस. तोच तू आठवड्याच्या आत पिस्तुलाचं माप बदलतोस? आणि काम "झालं" म्हणतोस, "मी केलं" म्हणत नाहीस. मी क्रियापदांवर जगतो, बाबा. कर्ता गायब झाला की मला वास येतो.

तुझ्या सहज प्रश्नाचं उत्तर. मी खोलीत नव्हतो, तुरीनहून येणाऱ्या गाडीत होतो. खोलीत फक्त आई होती. तिने मला ते इतक्यांदा सांगितलं आहे, की मी ते पाठ म्हणू शकतो. कित्येक दिवस ती त्याच्या मागे लागली होती, "तिस्ता, आता तरी आत्म्याचं बघ." तो तोंड फिरवायचा. त्या संध्याकाळी त्याने आपणहून डोळे उघडले, हात उचलला, समोरच्या कपाटाकडे बोट केलं. कपाटावर तिने मारियेचं चित्र लावलेलं होतं. त्या चित्राकडे बोट करून तो बोलीत म्हणाला, "आत्मा बदललाय मी. आता काळजी करू नकोस." ती पाद्रींना बोलवायला धावली. परत आली तोवर त्याची वाचा गेली होती. पुढचं तुला माहीत आहे.

आता तू बोल. सविस्तर. पाऊस वगळून.

लिबेरो


गार्दोने, ९ ऑक्टोबर १९९६

लिबेरो,

कसं लिहू ते कळत नाही म्हणून झालं तसंच लिहितो.

काकूने दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी पिस्तूल बाकावर घेतलं. वरून सगळं जुनं, बगलेवर काकाच्याच हाताने कोरलेला नऊचा आकडा. उघडलं, नळी बाहेर काढली, खिडकीकडे धरून आतून पाहिलं, जसं आपण सगळे पाहतो. आणि मला वाटलं माझेच डोळे गेले. मग मापून पाहिलं. लिबेरो, ती सात पासष्टची आहे. आधीपासून. आतून कोरी करकरीत, एक गोळी गेलेली नाही तिच्यातून. प्रूफ-कचेरीचा शिक्का नाही, म्हणजे कुणा कारागिराकडे झालेली नाही. घरी झालेली आहे. आणि तोंडाशी ती जी कड मोडायची एक पद्धत असते, बोट फिरवलं तर लोण्यासारखं लागेल अशी, ती आख्ख्या गार्दोनेत एकाच माणसाची होती. मी त्याच्याच हाताखाली शिकलो, मी चुकणार नाही. मी चुकतो, पण यात नाही.

आठव. तो गेला त्याच्या दोन-तीन वर्षं आधी नवा कायदा आला होता. घरोघरी लोक घाबरून पिस्तुलं नदीत टाकत होते, नाहीतर मापं बदलून घेत होते. काका कुणाकडे गेला नाही. त्या शेवटच्या हिवाळ्यात तो तळघरात खोकत बसायचा आणि काकू ओरडायची, ते मला आठवतंय. तो नवी नळी करत होता. बाहेरचा आकडा तसाच ठेवला त्याने, रूप बिघडू नये म्हणून असेल, किंवा मारेशाल्लोची खोडी काढायची म्हणून. शिक्का मारून आणायचं तेवढं राहिलं.

आणि ते कपाट. वर मारियेचं चित्र, बरोबर. पण वरच्या खणात काय असायचं ते तुला माहीत आहे. आपण लहान असताना त्या खणाला हात लावला म्हणून दोघांनी मार खाल्लाय.

तो पिस्तुलाबद्दल बोलत होता, लिबेरो. "आत्मा बदललाय मी, आता काळजी करू नकोस." म्हणजे पोलिसांची काळजी करू नकोस, तुला कुणी त्रास देणार नाही, मी माप बदलून ठेवलंय. बस. पाद्री चेलेस्तिनो, तेल, चर्चमधली मिसा, सगळं त्या एका नळीवर झालं.

हे तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. काकूला कळता कामा नये. मी फक्त शिक्का मारून आणणार आहे आणि नळी मी बदलली असं सांगणार आहे. मेहनतीचे पैसे घेणार नाही म्हणजे पापही लागणार नाही.

बोर्तोलो


तुरीन, १४ ऑक्टोबर १९९६

बोर्तोलो, माझ्या भावा, लोखंडाच्या भाष्यकारा,

काल तुझं पत्र आलं. मी ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, मग बाहेर पडलो आणि नदीकाठाने चालत सुटलो. वाटेत माझा एक विद्यार्थी भेटला. मी त्याला मिठी मारली. तो आता योगाकडे परत जाईल.

तो घाबरला नव्हता. समजतं का तुला मी काय म्हणतोय? अठरा वर्षं मी माझ्या बापाचं नाव काढलं नाही, कारण शेवटच्या अर्ध्या तासात त्याने मला एकट्याला पदपथावर सोडून रस्ता ओलांडला असं मला वाटत होतं. त्याने काहीच ओलांडलं नव्हतं. तो होता तिथेच होता. मरतानासुद्धा त्याच्या डोक्यात कानस होती आणि बायकोची काळजी होती.

आणि मी! एका शब्दाचे दोन अर्थ उलगडून दाखवण्याचा मला पगार मिळतो. एकाच श्लोकात राजाची स्तुती आणि डोंगराचं वर्णन कसं एकत्र विणलं आहे, हे मी दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. गेल्याच महिन्यात मी तुझ्या नऊच्या आत्म्याची थट्टा केली आणि त्याच पत्रात, लगेच खालच्या परिच्छेदात, बापाचा आत्मा लिहिला. दोन्ही शब्द एका कागदावर, माझ्या हस्ताक्षरात, आणि मला दिसलं नाही. राग आंधळा करतो म्हणतात. तो निरक्षरही करतो.

मी पहिल्या नोव्हेंबरला येतो आहे. आईला मी स्वतः सांगेन. खरं आहे ते खरं आहे, आणि ते तिच्याही नवऱ्याबद्दल आहे. एल्दाला सांग, मी स्पिएदोही खाईन, पाद्रींनाही भेटेन, पदपथ न बदलता.

तुझा अत्यंत ऋणी,
लिबेरो


गार्दोने, १८ ऑक्टोबर १९९६

लिबेरो,

प्राध्यापक झालास तरी गाढवच राहिलास. हे एल्दानेही वाचलंय आणि तिने गाढवाच्या जागी दुसरा शब्द सुचवला होता.

तुला तुझा बाप परत मिळाला, छान झालं. आणि तो कुणाच्या खिशातून काढून घेणार आहेस ते बघितलंस का? तू इथे राहत नाहीस. काकू कशी आहे ते तुला दोन सणांना दिसतं, आम्हाला रोज दिसतं. काका जिवंत असताना ती झोपायची नाही. हा माणूस नरकात जाणार आणि आपण वर एकट्याच बसणार, हे ती माझ्या आईला विहिरीवर सांगायची, हसत नाही, रडत. त्या संध्याकाळनंतर ती झोपायला लागली. त्याच्या शेजारची जागा तिने घेऊन ठेवलीय, दगडावर स्वतःचं नाव कोरून घेतलंय, फक्त दुसरी तारीख कोरायची राहिलीय. तिचं म्हणणं, "तिस्ता तिथे आधी जाऊन बसलाय, माझी जागा धरून, बसमध्ये धरायचा तशी."

आता तू पहिल्या तारखेला येऊन सांगणार, की बसमध्ये कुणी नाही?

खरं सांगायची एवढी हौस असेल तर तुझ्या तीन योगवाल्यांना सांग, की त्यांना संस्कृत येणार नाही. एक्याऐंशी वर्षांच्या बाईला सोड.

बोर्तोलो


तुरीन, २४ ऑक्टोबर १९९६

प्रिय बोर्तोलो,

एल्दाने सुचवलेला शब्द मी ओळखला. तो योग्य आहे.

तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मी चार वेळा बसलो आणि चारही वेळा मुद्देसूद लिहिलं, यावरूनच मी चुकतो आहे हे माझ्या लक्षात आलं. ग्रंथात सोय असते. एका शब्दाचे दोन अर्थ असले तर टीकाकार दोन्ही देतो, "अथवा" असं मध्ये लिहितो आणि सुखाने जेवायला जातो. घरात "अथवा" चालत नाही. तिथे एक अर्थ मला मिळाला तर दुसरा तिचा जातो.

तेव्हा मी बोलणार नाही. मला जे हवं होतं ते मिळालं आहे, ते मी कोटाच्या आतल्या खिशात ठेवीन. ते वाटून घेतल्याने वाढणारं नाही. अठरा वर्षं तिने मला हे ऐकवलं आणि मी तोंड वाकडं करून ऐकलं. आता ऐकवेल तेव्हा सरळ तोंडाने ऐकेन, एवढाच काय तो बदल. तू नळी बदललीस. मी साक्षीदार. पहिल्या तारखेला जेवायला तूही ये, म्हणजे मला खोटं एकट्याला रेटावं लागणार नाही.

लिबेरो


गार्दोने, २८ ऑक्टोबर १९९६

लिबेरो,

शाब्बास. शिक्का झाला, नोंद तुझ्या नावावर झाली. एल्दा पिस्तूल काकूकडे पोचवेल. मी जेवायला येणार नाही. त्या दिवशी डोंगरावरच्या खोपट्यात असेन, पक्षी फार आहेत यंदा. खरं सांगायचं तर काकूने माझ्याकडे नुसतं बघितलं तरी मी सगळं ओकेन. तू शिकलेला आहेस, तुला जमेल.

बो.


तुरीन, ४ नोव्हेंबर १९९६

प्रिय बोर्तोलो,

तू खोपट्यात बसून किती पक्षी पाडलेस ते एल्दा सांगेलच. आमच्या घरी काय पडलं ते मी सांगतो. आधी एवढं नोंदवतो, की मी बोललो नाही आणि तूही बोलला नाहीस. बोलली ती तुझ्या धंद्याची रीत.

जेवण झालं. ससा होता, पोलेंटा होता, आणि मी दोन वेळा वाढून घेतल्यामुळे आई खुशीत होती. तिने टेबल पुसलं, वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, "आण ते." मी पिस्तूल ठेवलं. तिने चष्मा लावून शिक्का पाहिला, चेस्टनटच्या पानांवरून अंगठा फिरवला, मान हलवली. मग तळहात पुढे करून थांबली.

"काय?" मी विचारलं.

"जुनी नळी."

"कुठली?"

"बोर्तोलोने काढलेली. काढलेला भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो, सुतळीने बांधून. त्याचा बाप द्यायचा, त्याचा आजा द्यायचा. ती तिस्ताच्या हातची नळी आहे, ती मला हवी."

बोर्तोलो, आपण दोन शहाण्या माणसांनी दीड महिना टपालखात्याला पोसलं. सत्य, दया, नरक, सगळं चघळून झालं. आणि ज्याच्या वर्कशॉपमध्ये खिळ्याखिळ्याला सुतळी बांधलेले तुकडे लोंबतात, त्याला हे एक आठवलं नाही.

"विसरला असेल," मी म्हणालो.

"बोर्तोलो वेळ विसरतो, बायकोचा वाढदिवस विसरतो. नळी विसरत नाही."

"मग ठेवून घेतली असेल. आठवण म्हणून."

"बेप्पे," आई म्हणाली, "लहानपणी खोटं बोलताना तू डाव्या कानाला हात लावायचास. आता उजव्याला लावतोस. तुरीनला जाऊन एवढंच शिकलास?"

मी हात खाली घेतला. आणखी एक खोटं तयार होतं, बऱ्यापैकी सुबक. पण तिचा तळहात अजून पुढेच होता, आणि त्या रिकाम्या तळहातावर ते ठेवणं मला जमेना. मी म्हणालो, "काढायला जुनी नळी नव्हतीच, आई."

ती खुर्चीवर बसली. बराच वेळ वर्तमानपत्राचा कोपरा दुमडत राहिली. मग माझ्याशी नाही, टेबलाशी बोलावं तसं म्हणाली, "त्या हिवाळ्यात एकदा तो पुलापर्यंत गेला होता. अंगात ताप, बाहेर बर्फ. बूट चिंब करून आला. मी किती बोलले त्याला. कुठे मेला होतास विचारलं, तर म्हणाला, हवा खायला." थोड्या वेळाने, "जुनी नदीत टाकली असणार."

"असेल."

"म्हणजे बोट केलं ते चित्राकडे नाही. खणाकडे."

मी वाट पाहत होतो. ती रडेल, किंवा मला शिव्या घालेल, किंवा तू लिहिलेली ती विहिरीवरची बाई पुन्हा समोर येऊन बसेल. माझा बाप माझ्या आतल्या खिशात होता आणि मला त्याची लाज वाटत होती.

"'आता काळजी करू नकोस,'" ती म्हणाली, "हे तरी मलाच म्हणाला ना?"

"खोलीत दुसरं कोण होतं?"

"मग तेवढं राहिलं." आणि ती उठली, खुंटीवरचा कोट काढून एक हात बाहीत घातला.

"कुठे?"

"चर्चमध्ये."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर कधी?" दुसरी बाही तिला सापडेना, ती गोल फिरली, मी धरली. "अठरा वर्षं, बेप्पे. अठरा वर्षं मी जाऊन त्याच्याबद्दल देवाचे नुसते आभार मानत्ये. आणि तो बिचारा खाली कुठेतरी ताटकळत बसलेला, कुणीतरी आपल्यासाठी काही मागेल म्हणून. कुणी मागितलंच नाही! सगळ्यांना वाटलं झालं त्याचं. आता मागायला बसलं पाहिजे. केवढा उशीर झालाय." मग दाराशी थांबून, "तू भांडी घासून ठेव."

मी भांडी घासली नाहीत. उतारावर ओली पानं होती, तिचा गुडघा दुखतो, कुणीतरी हात द्यायला हवा होता. कारण म्हणून हे पुरेसं आहे आणि तू मला दुसरं विचारू नयेस. ती माझ्या दंडाला धरून चालत होती आणि स्वतःशीच चडफडत होती, नवऱ्यावर, देवावर नाही. "जरा स्पष्ट बोलायला काय झालं होतं या माणसाला. 'पिस्तुलाचा' म्हणाला असता तर जीभ झिजली असती?" चर्चच्या पायरीशी तिने माझा दंड सोडला नाही, म्हणून मी आत गेलो.

आत कुणी नव्हतं. ती बाकावर बसली, हात जोडले, डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"माझी मागायची सवयच गेलीय," ती कुजबुजली. "कुठून सुरू करू? तुझ्याकडे आहे का काही त्याच्या बाजूने सांगण्यासारखं?"

बोर्तोलो, मला माझ्या बापाबद्दल इतक्या वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारू दिलं नव्हतं. मी देवाशी बोलत नाही, हे तुला माहीत आहे. पण मला देवाशी बोलायचं नव्हतं. आईला सांगायचं होतं.

"संप चालू असताना," मी म्हणालो, "त्याने आपलं घड्याळ विकून शेजारच्या विधवेचं भाडं भरलं होतं. तुला सांगितलं नव्हतं."

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला म्हणाला हरवलं." मग डोळे मिटले, ओठ हलवले, ते पुढे पोचवलं. "आणखी?"

"त्याने मला कधी मारलं नाही. म्हणजे, एकदाच."

"एकदा कशाला सांगायचं?" तिने पहिला भाग तेवढा पोचवला. "आणखी?"

"तो कधी खोटं बोलला नाही."

"हे नको," आई म्हणाली. "'हवा खायला' म्हणाला होता, आणि घड्याळाचं आत्ताच कळलंय वर. दुसरं सांग."

मी दुसरं सांगितलं.

तुझा,
लिबेरो